गिअर शिकायचे शुक्रवार

मी जर्मनीला अमेरिकन म्हणून गेले होते, हे आधीच सांगून टाकते. जन्म नाशिकचा, बाराव्या वर्षी आईबाबांबरोबर न्यू जर्सीला, पुढे अमेरिकेचा पासपोर्ट, आणि कॉलेज संपल्यावर काय करावं ते न सुचल्यामुळे तेविसाव्या वर्षी एका जर्मन शाळेत इंग्रजीची असिस्टंट. साल दोन हजार चार. वोल्फ्सबुर्गपासून अर्ध्या तासावरचं छोटं गाव. अर्धं गाव कारच्या कारखान्यात कामाला आणि उरलेलं तिथूनच निवृत्त झालेलं. शाळेनं अमेरिकन मागवली आणि आली मी. सातवीतल्या एका मुलीनं पहिल्याच तासाला हात वर करून विचारलं, "मग अमेरिकन बाई कधी येणार?" मी म्हटलं, "आल्या." तिनं दाराकडे पाहिलं.

काम आठवड्याला बारा तास. धडे मोठ्यानं वाचून दाखवायचे, मुलांना बोलतं करायचं आणि अमेरिकन सण आले की वर्गात साजरे करायचे. थँक्सगिव्हिंगला माझी पंचाईत झाली. आमच्या न्यू जर्सीच्या घरी त्या दिवशी आई भरली वांगी करायची आणि बाबा न कळणारा फुटबॉल लावून सोफ्यावर पेंगायचे. टर्की मी जन्मात खाल्ली नव्हती. तरी फळ्यावर टर्की काढली, लाल भोपळ्याचा केक करून नेला आणि आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते प्रत्येकाला इंग्रजीत सांगायला लावलं. कुणी म्हणालं आईबद्दल, कुणी म्हणालं कुत्र्याबद्दल, मागच्या बाकावरून आवाज आला, "शुक्रवारबद्दल." सगळा वर्ग हसला. मला हसू आलं नाही. शुक्रवारी मला सुट्टी असायची, आणि तोवर माझे शुक्रवार वेगळेच होऊन बसले होते. तेच सांगायला बसले आहे.

राहायची सोय शाळेनंच लावली होती. इंग्रजीच्या ज्या ज्येष्ठ शिक्षिकेवर माझी जबाबदारी होती, त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर एक खोली. त्यांना मी मनातल्या मनात बाई म्हणायचे आणि त्यांच्या नवऱ्याला काका. जर्मनमध्ये आम्ही तिघं एकमेकांना 'तू'च म्हणायचो, पण मराठीत लिहिताना ते माझ्याच्यानं होत नाही. बाई बासष्टच्या, पुढच्या जुलैत निवृत्त होणार होत्या. काका एकोणसत्तरचे, कारखान्यात गिअरबॉक्सच्या विभागात इंजिनिअर म्हणून सगळी नोकरी केलेले. मूलबाळ नव्हतं. काका मला नावानं हाक मारत नसत, 'अमेरिका' म्हणत. "अमेरिका, कॉफी झाली." "अमेरिका, बाहेर थंडी आहे, टोपी घाल."

बाईंचा स्वभाव बोलायचा. जिन्यात बूट काढले, बोल. हीटर चालू असताना खिडकी तिरकी उघडी ठेवली, बोल. दह्याची काचेची बरणी न धुता ठेवली, बोल. त्यात माझा नंबर दुसरा, पहिला मान काकांचा. काका मान खाली घालून ऐकत, "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणत आणि दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा तिथंच काढत. लग्नापासून हे असंच चाललं होतं म्हणे. मला त्या घरात करमायला लागलं ते या बोलण्यामुळेच. माझ्या आईचं घर तसंच होतं. ज्या दिवशी आई कुणाला बोलत नाही त्या दिवशी तिला ताप असतो.

वाढदिवसाचा नियम मला पहिल्याच महिन्यात कळला. खेळाच्या सरांचा वाढदिवस रविवारी होता, म्हणून मी गुरुवारीच शिक्षकांच्या खोलीत त्यांचा हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या. खोली एकदम गप्प झाली. सरांनी हात काढून घेतला. बाईंनी मला खिडकीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "आधी कधीच द्यायच्या नाहीत. नंतर महिन्यानं दिल्यास तरी चालेल. आधी दिल्या की माणूस त्या दिवसापर्यंत पोचत नाही, असं म्हणतात."

"तुमचा विश्वास आहे?"

"विश्वास कुठला. पण कुणी देत नाही."

आमच्याकडे गावाला निघालेला माणूस चार दिवस आधीच वाढदिवसाचा पेढा भरवून मोकळा होतो, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण ज्या गावाला जावं तिथल्या रीतीनं राहावं. पुढं तीन वाढदिवस आले, तिन्ही वेळा मी तारीख दोनदा बघून तोंड उघडलं.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी काकांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. म्हणाले, "अमेरिका, तुझ्याकडे लायसन्स आहे ना? शुक्रवारी माझ्याबरोबर हॉस्पिटलला चल. पोटात नळी घालून बघणार आहेत, आधी भूल देतात. येताना मला गाडी चालवता यायची नाही."

"बाई नाही का येणार?"

"तिचे शुक्रवारी सहा तास असतात. एवढ्याशा तपासणीसाठी तिनं सुट्टी घ्यायची म्हणजे आठवडाभर मला ऐकावं लागेल. तिला सांगूया, मी तुला गाडी शिकवतोय."

मी म्हटलं, गाडी येते मला, पण ऑटोमॅटिक. गिअरची कधी हातात घेतलेली नाही. हे ऐकून काकांना स्वतःच्या दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्यांनी मला लगेच गाडीत बसवलं आणि सुपरमार्केटच्या मोकळ्या आवारात नेलं. तीन संध्याकाळी त्यांनी मला क्लच शिकवला. "हळू सोड. हळू म्हणजे जर्मन हळू, अमेरिकन नाही." गाडी गचके खाऊन बंद पडायची आणि काका गिअरबॉक्सची माफी मागायचे. म्हणजे बाईंना जे सांगितलं ते अगदीच खोटं नव्हतं. बाईंनी तर शिक्षकांच्या खोलीत कौतुकानं सांगितलं, "माझा नवरा अमेरिकेला गाडी शिकवतोय. बिचारी अमेरिका."

पहिल्या शुक्रवारी तपासणी झाली. दुसऱ्या शुक्रवारी निकाल. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी काकांना विचारलं, या मुलीसमोर बोलू का. काका म्हणाले, बोला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. ऑपरेशन होण्यासारखं नाही. केमो घेतली तर थोडे दिवस मिळतील, पण ते दिवस चांगले जातीलच असं नाही. काकांनी विचारलं, "किती?" डॉक्टर म्हणाल्या, "पुढचा उन्हाळा दिसेल असं मी म्हणू शकत नाही." आमच्याकडे हे वाक्य डॉक्टर पेशंटला कधी म्हणणार नाहीत. मुलाला बाहेर बोलावून म्हणतील.

गाडीत येऊन बसलो. किल्ली माझ्या हातात होती, पण गाडी सुरू करायचं धाडस होईना. काका म्हणाले, "आज संध्याकाळी तिला सांगतो. कसं सांगू?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला त्यांना धीर द्यायचा होता आणि धीर द्यायचा म्हणजे आपल्या घरातली एखादी हकीकत सांगायची, हेच मी लहानपणापासून बघत आले होते. मी माझ्या नाशिकच्या मामांची हकीकत सांगितली. मामांना कॅन्सर झाला ते सगळ्या घराला माहीत होतं. फक्त मामीला, पोटात अल्सर आहे, एवढंच सांगितलं होतं. माझ्या आईनं अमेरिकेतून फोनवर रोज तेच सांगितलं, भावांनी तेच, डॉक्टरांनीही तेच. मामी शेवटपर्यंत आनंदात होती. भांडत होती, सिनेमाला नेत होती. मामांचे दिवस नेहमीसारखे गेले. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. तेविसाव्या वर्षी मी, जिचं लग्न नाही, जिनं एकही माणूस मरताना पाहिलेला नाही, ती एका सत्तरीच्या माणसाला हे सांगत होते.

"आणि तिला कळलं नाही?" काकांनी विचारलं.

"मामा जाईपर्यंत नाही."

काकांनी सीटचा पट्टा ओढून लावला. मग म्हणाले, "आल्झो," म्हणजे आपलं 'तर मग', "अल्सर. अल्सर बरा आहे." आणि थोड्या वेळानं, "वाढदिवसापर्यंतच. सत्तरी होऊ दे, मग मी स्वतः सांगतो. तोवर तू बोलायचं नाहीस."

मी विचारलं, बाईंना सांभाळून सांगितलं तर नाही का चालणार? ते म्हणाले, "सांगितलं की ती मला बोलायची थांबेल. सारखी जपत बसेल. मला ते नको आहे. मला ती जशी आहे तशी हवी आहे." मी वचन दिलं. गोष्टी पोटात ठेवायचं बाळकडू मला घरातूनच मिळालं होतं. खरं सांगायचं तर मला त्यात जरा मोठेपणाही वाटला. अख्ख्या गावात त्या माणसानं आपलं गुपित ठेवायला मला निवडलं होतं.

मग दर शुक्रवारी आम्ही निघायचो. बाई साडेसातला सायकलवरून शाळेत, आम्ही आठला गाडीतून हॉस्पिटलला. केमो काकांनी नाकारली. दुखणं कमी करायला औषधं, कधी सलाइन, कधी रक्ताची तपासणी. तिसऱ्या मजल्यावर आम्ही वाट बघत बसायचो. तिथं काका मला गिअरबॉक्सची चित्रं काढून दाखवायचे, मी त्यांना इंग्रजी शब्दकोडं सोडवायला लावायचे. येताना ते बहुतेक वेळा झोपलेले असत. गावाच्या अलीकडे एका शेतकऱ्याचा स्टॉल होता. तिथं गाडी थांबवून सफरचंदं, बटाटे, डिसेंबरात पालेभाजी, काहीतरी घ्यायचंच. मग काका जागे होऊन विचारायचे, "आज कुठं गेलो होतो?" आणि आम्ही नकाशात बघून एखादं गाव ठरवायचो. संध्याकाळी बाई भाजी निवडताना विचारायच्या, "आज कुठं नेलंस पोरीला?" काका ठरलेल्या गावाचं नाव सांगायचे, वर त्या गावच्या चर्चचं वर्णन करायचे. मी मान हलवायची.

बाईंनी अल्सर मनावर घेतला. सूप सुरू झालं, दलिया सुरू झाला, कॉफी बंद. काका चोरून कॉफी प्यायचे आणि सापडायचे. "तुला बरं व्हायचं आहे की नाही? आल्झो, स्वतःच्या पोटाचा शत्रू आहेस तू." काका खाली बघून, "गेनाऊ." त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. बाई म्हणायच्या, चला, निदान पोट तरी उतरलं. मी जेवणाच्या टेबलावर ताटात बघत बसायचे. नोव्हेंबरात मुलांची कंदिलांची मिरवणूक घरासमोरून गेली, तेव्हा आम्ही तिघं दारात उभे होतो. बाईंनी काकांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला, मफलर न घेता बाहेर आल्याबद्दल बोलत बोलत. सहा डिसेंबरला निकोलाउसच्या दिवशी आमच्या तिघांच्या बुटांत चॉकलेटं होती. तेवढा एक दिवस बूट जिन्यात चालतात, असं बाईंनी जाहीर केलं. मला वाटायचं, किती सुखाचं चाललं आहे यांचं. मामीच्या घरी पण असंच असणार.

काकांचा वाढदिवस एकोणतीस डिसेंबरला. सत्तरावा म्हणजे तिकडे मोठाच समारंभ. बाईंनी गावातला अग्निशमन दलाचा हॉल घेतला होता, चाळीस लोकांना आमंत्रणं गेली होती. पण माझं न्यू जर्सीचं तिकीट आईबाबांनी सप्टेंबरातच काढलं होतं, एकवीस डिसेंबरचं. शेवटच्या शुक्रवारी डॉक्टर काकांना म्हणाल्या, "ख्रिसमस घरी करा. त्यापुढचं आत्ता ठरवू नका." त्या दिवशी स्टॉलवर मी उतरले, काका उतरले नाहीत. मी दोन किलो सफरचंदं घेतली आणि त्या शेतकऱ्यासमोर रडले. त्यानं एक सफरचंद वर टाकलं.

आईला मी काकांच्या आजाराचं बोलले नव्हते, फक्त सत्तरीचं बोलले होते. आई फोनवर म्हणाली, "अगं, सत्तरी म्हणजे केवढी मोठी. आपल्याकडे शांत करतात. तू नसशील तर निघायच्या आधी ओवाळून तरी घे. तुझ्या पिशवीत कुंकू दिलंय, सुपारी दिलीय." मला ते पटलं. मला काहीतरी करायचंच होतं. मी परत येईन तेव्हा काका असतील की नाही हे मला माहीत नव्हतं आणि रिकाम्या हातानं मला त्या घरातून निघवत नव्हतं.

निघायच्या दिवशी दुपारी ताटात तांदूळ, सुपारी, माझी अंगठी आणि दिव्याच्या जागी बाईंच्या, ख्रिसमसआधी लावायच्या, अॅडव्हेंटच्या दोन बुटक्या मेणबत्त्या घेतल्या. काकांना पूर्वेकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं. 'आमच्याकडचा निरोप,' असं बाईंना सांगितलं होतं. त्या कॅमेरा घेऊन हसत समोर उभ्या राहिल्या. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या. काकांचं कपाळ गरम होतं. ताट उजवीकडून वर, डावीकडून खाली, तीन वेळा. इथपर्यंत सगळं नीट होतं. पण आमच्याकडे ओवाळून झाल्यावर तोंडानं काहीतरी म्हणायचं असतं, ते आपसूक बाहेर पडतं. मी वाकले आणि जर्मनमध्ये म्हटलं, "वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा." आणि ताट हातात तसंच धरून मला हुंदका आला, आणि मग तो थांबेचना.

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. "अजून आठ दिवस आहेत."

काका म्हणाले, "जाऊ दे. अमेरिकेला आपला नियम माहीत नाही."

"तिला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मीच सांगितला होता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी काकांकडे पाहिलं. ढिला शर्ट, पिवळट डोळे, कपाळावर कुंकू. आपण रोज बघतो त्या माणसाकडे आपण बघत नसतो; त्या दुपारी त्यांनी पाहिलं. मग माझा दंड धरून त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून विचारलं, "तुला काय माहीत आहे?"

मी म्हटलं, "काही नाही. घरची आठवण येते आहे."

त्यांनी माझा दंड सोडला. स्टेशनवर मला सोडायला आल्या, बॅग डब्यात चढवून दिली, पण गाडी सुटेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. काका दारापर्यंत आले होते. त्यांनी कपाळ पुसलं नव्हतं.

न्यू जर्सीत, नवीन वर्षाच्या सुट्टीत, शाळेच्या ऑफिसकडून मला दोन ओळींची ई-मेल आली. बाकीचं मला परत गेल्यावर कळलं. मी निघाले त्याच रात्री बाईंनी काकांकडून सगळं काढून घेतलं. चोवीस तारखेला काकांना हॉस्पिटलात हलवलं. बाईंनी चाळीस लोकांना एकेक करून फोन केले, हॉल रद्द केला. सत्तरावा वाढदिवस काकांनी पाहिला, हॉस्पिटलातल्या बिछान्यावर. बहुतेक वेळ ते गुंगीतच होते. दोन जानेवारीला गेले. मी पोचायच्या आदल्या दिवशी अंत्यविधी झाला.

मी बॅग घेऊन आत आले तर बाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. अंत्यविधीनंतर पाहुण्यांना देतात तो लोणी-साखरेचा केक उरला होता. त्यांनी एक तुकडा बशीत घालून माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. शरदाच्या सुट्टीच्या आधीपासून."

"मग ती गावं? ती चर्चं?"

मी बशीतला केक चमच्यानं मोडत राहिले.

"तुमच्या शुक्रवारांचं मला फार कौतुक होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, आपल्याला मुलगी असती तर त्यानं तिला अशीच गाडी शिकवली असती." मग त्यांनी विचारलं, "त्यानं मला का सांगितलं नाही?"

काकांनी जे सांगितलं होतं ते मी त्यांना सांगितलं. सांगितलं तर तुम्ही बोलायच्या थांबाल, त्यांना तुम्ही जशा आहात तशाच हव्या होतात. मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना थोडं बरं वाटेल. आजवर मी इतकी मोठी चूक दुसरी केली नाही.

बाई म्हणाल्या, "म्हणजे मरणाऱ्या माणसाला मी कॉफीवरून बोलत होते. मफलरवरून बोलत होते. आणि तुम्ही दोघं मला बोलू देत होतात."

"त्यांना ते आवडायचं."

"त्याला आवडायचं, हो. आणि मला? मला अकरा आठवडे मिळाले असते. मी दुसऱ्या दिवशी शाळा सोडली असती. मी तुझ्या जागी गाडीत बसले असते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू परकी मुलगी, चार महिन्यांपूर्वी माझ्या घरात आलेली, तुला माहीत होतं. मी त्याची बायको, मी सूप करत होते."

महिनाअखेर दुसरी खोली बघ, असं त्यांनी सांगितलं. ते तीन आठवडे मी त्या घरात काढले. त्यात एकदाही त्या मला बोलल्या नाहीत. मी मुद्दाम एक दिवस जिन्यात बूट काढून ठेवले. संध्याकाळी बघितलं तर त्यांनी ते उचलून नीट जोडीनं कपाटात ठेवले होते. त्या रात्री मी पलंगावर बसून पोट दुखेपर्यंत रडले.

स्टेशनजवळ एक खोली मिळाली. शाळेत मला दुसऱ्या शिक्षिकेच्या हाताखाली दिलं. फेब्रुवारीत कार्निव्हलला मुलं वेष घालून आली, ईस्टरला अंडी रंगवली, मी सगळीकडे होते आणि कुठेच नव्हते. आईला एकदाचं सगळं सांगितलं तर आई म्हणाली, "तू बरोबरच केलंस गं. तेवढे तरी दिवस त्यांचे सुखाचे गेले." आयुष्यात पहिल्यांदा मी आईचा फोन मध्येच ठेवला.

मे महिन्यात माझं काम संपत आलं. शेवटच्या आठवड्यात झेरॉक्सच्या मशीनपाशी बाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. "शुक्रवारी मोकळी आहेस?" मी हो म्हटलं. "आठ वाजता येते. मला सगळं दाखव." शुक्रवारची सुट्टी त्यांनी घेतली होती, हे मला इतर शिक्षकांकडून कळलं, निवृत्तीला दोन महिने उरले असताना पहिल्यांदाच घेतली म्हणे.

गाडी त्यांनी चालवली. माझं अमेरिकन लायसन्स तिकडे सहाच महिने चालायचं. मी शेजारी बसून सांगत गेले. इथं मी पहिल्यांदा चौथा गिअर टाकला. इथं गाडी बंद पडली आणि मागच्या ट्रकवाल्यानं शिव्या दिल्या. या वळणानंतर त्यांना झोप लागायची. बाईंनी विचारलं, "कसा झोपायचा?" मी म्हटलं, तोंड उघडं टाकून, दोन्ही हात पट्ट्यावर ठेवून. त्यांनी मान हलवली. स्टॉलवर आता शतावरी होती. आम्ही थांबलो नाही.

हॉस्पिटल जवळ आलं तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांना मामांची हकीकत सांगितली. न सांगण्याची कल्पना काकांची नव्हती, ते त्याच संध्याकाळी सांगणार होते. अल्सर मी त्यांना सुचवला. हे मी जानेवारीत बोलले नव्हते, कारण माझी हिंमत झाली नव्हती. बाईंनी गाडीचा वेग कमी केला, पण गाडी थांबवली नाही. हॉस्पिटलच्या आवारात वळताना त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या मामीचं पुढे काय झालं?"

एवढा भाग मी काकांना सांगितला नव्हता. तो मला सांगण्यासारखा वाटलाच नव्हता. मी म्हटलं, "मामी त्यानंतर आमच्यापैकी कुणाकडेच कधी जेवली नाही. आई नाशिकला गेली की भेटते, चहा घेते, पण जेवत नाही. कुणीच तिला कारण विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेलो. वाट बघायची जागा तशीच होती, भिंतीला लागून निळ्या खुर्च्या. सकाळची वेळ, दोन-तीन माणसं बसलेली. बाईंनी हळू आवाजात विचारलं, "कुठं बसायचा?" मी हीटरजवळची कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. त्यांना तिथं ऊब लागायची.

"आणि तू?"

मी त्याच्या शेजारची दाखवली.

मला वाटलं होतं त्या काकांच्या खुर्चीवर बसतील. त्या माझ्या खुर्चीवर बसल्या. कोट काढला नाही, पर्स मांडीवर घेतली, आणि कोपऱ्यातली खुर्ची रिकामी ठेवून तिच्याकडे थोड्या वळून बसल्या. मी समोर उभी राहिले. बस असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मलाही बसावंसं वाटलं नाही. दहा मिनिटं गेली असतील. काउंटरवरची बाई उठून आली, नवीन होती, मला ओळखत नव्हती. तिनं वाकून अदबीनं विचारलं, "तुमची अपॉइंटमेंट आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझी नाही. मी सोबत आले आहे."